कृत्रिम पाय आणि वेदनेची साक्ष

कृत्रिम अवयवांचा इतिहास ज्यांनीं ज्यांनीं लिहिला, त्यांनीं बहुधा अवयवाचा इतिहास लिहिला. अवयव वापरणाऱ्याचा लिहिला नाहीं. लोखंडी हाताचीं बोटें कोणत्या खिट्टीनें मिटत, लाकडी पायाचा घोटा कोणत्या तांतीनें हाले, सरदारांच्या पायावर कसली नक्षी असे, यांचीं वर्णनें सचित्र सांपडतात. परंतु तो पाय दिवसभर बांधून हिंडल्यावर संध्याकाळीं सोडतांना आंतली कातडी कोणत्या स्थितींत निघे, हें सांगणारा कागद क्वचितच हातीं लागतो. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे. आणि ज्याला कळत होतें तो बहुधा शिपाई किंवा मजूर असल्यामुळें त्यानें तें लिहून ठेवलें नाहीं.

अलीकडे या प्रांतांत एक नवें साधन आलें आहे. कृत्रिम पाय आणि मनुष्याचें अंग यांच्यामध्यें पातळ पट्ट्या बसवून तेथील दाब, घर्षण, उष्णता व ओल मोजतां येऊं लागली आहे. या पट्ट्यांस आम्ही संवेदक म्हणूं. वर्तमानपत्रांतून त्यांची वार्ता चमत्कार म्हणून येते, आणि चमत्काराच्या भरांत एक गोष्ट राहून जाते. ती अशी कीं, संवेदक हा नव्या प्रश्नाचें उत्तर नसून फार जुन्या प्रश्नाचें उत्तर आहे. पाय दुखतो, हें कोणी सांगावयाचें, आणि सांगितलें तर तें कोणी खरें मानावयाचें, हा तो प्रश्न होय.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ विश्पलेपासून करण्याची पद्धति आहे, व ती योग्यच आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील अश्विनांच्या सूक्तांत तिची कथा येते. खेलाच्या झुंजींत तिचा पाय तुटला, आणि अश्विनांनीं तिला ताबडतोब लोखंडाची जंघा बसवून पुन्हा धांवतें केलें. विश्पला ही स्त्री नसून शर्यतीची घोडी होती, असेंही कांहीं पाश्चात्य पंडितांचें म्हणणें आहे. त्या वादांत येथें शिरत नाहीं. आमचें लक्ष वेधतें तें 'ताबडतोब' या गोष्टीकडे. देवांचे वैद्य असल्यामुळें अश्विनांस ती शोभते. मानवी वैद्यास मात्र जखम भरण्याची, सूज उतरण्याची, मांस आटण्याची वाट पाहावी लागते, आणि इतकें करूनही लोखंड कातडीस लागावयाचें तें लागतेंच. स्तुति अश्विनांची आहे. विश्पलेस कसें वाटलें, याचा उल्लेख सूक्तकारानें केलेला नाहीं. पुढील तीन हजार वर्षांच्या इतिहासाची रीत तेथेंच पडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या रीतीस एक सुंदर अपवाद मिसर देशांत सांपडतो. थीब्झजवळच्या एका कबरींत एका पुरोहितकन्येच्या शवास लाकडाचा व चामड्याचा उजवा आंगठा जोडलेला आढळला. त्याचा काळ इ. स. पूर्वीं ९५० ते ७१० यांच्या दरम्यानचा मानतात, व तो आज कैरोच्या संग्रहांत आहे. मृतास परलोकीं अंगभंग राहूं नये म्हणून असे अवयव बसवीत, असें पूर्वीं समजत. परंतु या आंगठ्यावर वापराच्या खुणा आहेत. शिवाय बाझेल येथील संशोधकांनीं २०१७ सालीं त्याची सूक्ष्म तपासणी केली, तेव्हां तो त्या स्त्रीच्या पायास एकदां नव्हे तर अनेक वेळां नव्यानें बेतून बसविला होता, असें दिसून आलें. म्हणजे ती बाई 'येथें टोंचतें' असें म्हणाली असली पाहिजे, आणि कारागिरानें तें ऐकून घेतलें असलें पाहिजे. मँचेस्टरच्या जॅकलिन फिंच या विदुषीनें याच आंगठ्याची प्रतिकृति करून, उजवा आंगठा गमावलेल्या दोन माणसांस ती मिसरी वहाणांसह घालावयास दिली व चालतांना तळव्यावर पडणारा दाब मोजला. तिचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. नुसत्या वहाणेनें दाब एके ठिकाणीं साठे. आंगठा बांधल्यावर तसा तो साठत नसे. जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीं एका अनामिक सुतारानें केवळ कानानें ऐकून जें साधलें, त्यावर आजच्या यंत्रानें शिक्कामोर्तब केलें.

यानंतरच्या काळांत असा ऐकणारा कारागीर फारसा भेटत नाहीं. इटलींतील कापुआ येथें इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमाराचा, लांकडावर कांशाचा पत्रा मढविलेला एक पाय मिळाला होता. तो लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयांत ठेवला असतां १९४१ च्या बाँबवर्षावांत नष्ट झाला. सोळाव्या शतकांतील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे याचें नांव मात्र आदरानें घ्यावयास पाहिजे. अंग कापल्यावर रक्तवाहिनी डाग देऊन न जाळतां दोऱ्यानें बांधण्याची पद्धति त्यानें पुन्हा चालू केली. त्यामुळें माणसें जगूं लागलीं, आणि जगलेल्या माणसास पाय पाहिजे, हा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला. त्याच्या ग्रंथांत कृत्रिम हात व पाय यांच्या आकृति आहेत. पुढें वॉटर्लूच्या लढाईंत १८१५ सालीं पाय गमावलेल्या अँग्लसीच्या उमरावासाठीं जेम्स पॉट्स या कारागिरानें केलेला पाय प्रसिद्धीस आला. त्यांत गुडघा वाकला कीं तांतींच्या योगानें घोटाही हाले. पाहणारांस मोठी मौज वाटली असेल. मेल्व्हिलच्या १८५१ च्या 'मोबी डिक' या कादंबरींतील कप्तान एहॅब याचा देवमाशाच्या हाडाचा पाय इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतो. परंतु तोच पाय एकदां निसटून त्याच्या जांघेंत घुसतां घुसतां राहिला होता, हा त्याच कादंबरींतील प्रसंग मात्र कोणाच्या स्मरणांत नसतो. कादंबरीकारास जें दिसलें, तें यंत्रकारांस दिसावयास वेळ लागला.

त्यांस तें दिसलें, पण केव्हां? यंत्रकार स्वतःच पांगळा झाला तेव्हां. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या आरंभींच, जून १८६१ मध्यें, जेम्स हँगर नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाय तोफेच्या गोळ्यानें गेला. सरकारी लाकडी खुंट्यावर त्याचें समाधान होईना. त्यानें घरीं बसून पिंपाच्या फळ्या तासल्या आणि गुडघ्यांत व घोट्यांत वांकणारा पाय स्वतःसाठीं केला. त्याच युद्धांतील जखमींची शुश्रूषा करणारा डॉक्टर वेअर मिचेल यानें १८७१ सालीं तुटून गेलेल्या अवयवांत होणाऱ्या वेदनेस 'भुताटकीचा अवयव' अशा अर्थाचें नांव दिलें. जो पाय नाहीं तो दुखतो, हें ऐकून त्यापूर्वीं लोक हंसत असत. वेदनेची साक्ष वैद्यकाच्या दप्तरांत नोंदली जाण्यास जे आरंभ झाले, त्यांत याची गणना करावयास पाहिजे.

आतां कृत्रिम पायाचें खरें मर्मस्थान कोणतें, तें सांगणें प्राप्त आहे. तें गुडघा नव्हे, घोटा नव्हे, पाऊल तर नव्हेच. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्यास आम्ही खुंट म्हणूं, तो ज्या पेल्यासारख्या भागांत बसतो, तो पेला हें तें मर्मस्थान होय. कारागीर त्यास सॉकेट म्हणतात. तळव्याची कातडी निसर्गानें भार सोसण्यासाठींच घडविली आहे. ती जाड आहे व तिच्याखालीं चरबीची गादी आहे. नडगीवरची कातडी तशी नाहीं. तिच्याखालीं लगेच हाड. अशा कातडीवर सगळ्या देहाचा भार एकाएकीं सोंपविला, म्हणजे एखाद्या नाजूक कारकुनास हमालीस लावण्यासारखेंच झालें! त्यांतही सरळ दाब एक वेळ सोसतो. घातक असते ती घसट. प्रत्येक पावलागणिक खुंट पेल्यांत किंचित् खालीं जातो व वर येतो. कातडी पेल्यास चिकटून राहूं पाहते, हाड आंत सरकतें, आणि दोहोंमधलें मांस पिळलें जातें. वर घाम व उष्णता. हवा लागावयास जागा नाहीं. त्यांतून फोड, फोडांतून व्रण, आणि व्रण चिघळला तर पुन्हा शस्त्रक्रिया करून पाय आणखी वर कापणें.

याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे खुंटाचें माप दिवसभर एकच राहत नाहीं. सकाळीं घट्ट बसलेला पेला दुपारपर्यंत ढिला होतो, कारण दाबानें आंतील द्रव हटतो. वापरणारा मग एका मोज्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे मोजे चढवितो. कितीव्या तासास कितवा मोजा, हें ज्याचें त्यानें अनुभवानें ठरवावयाचें असतें. इकडे कारागीर खुंटाच्या टोंकाखालीं मऊ मातीची गोळी ठेवून ती किती चेपली तें पाहतो, पाय काढल्यावर कातडीवर उठलेली लाली किती मिनिटांत मावळते तें पाहतो, आणि त्यावरून कोठें घांसावें व कोठें भरावें तें ठरवितो. या विद्येस पुस्तक कमी व हात जास्त लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत हिला शास्त्राचें रूप देण्याचा मोठा प्रयत्न झाला. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें हॉवर्ड एबरहार्ट या स्थापत्यशास्त्राच्या अध्यापकानें व्हर्न इनमन या अस्थिवैद्याच्या साह्यानें मनुष्याच्या चालीचीं मापें घेतलीं. या एबरहार्टचाही एक पाय १९४४ सालीं विमानाच्या धांवपट्टीची कसोटी घेतांना झालेल्या अपघातांत गेला होता. हँगरप्रमाणेंच येथेंही शोधक आणि सोसणारा एकच, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. याच विद्यापीठांत रॅडक्लिफ व फूर्ट यांनीं गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर मुख्य भार घेणारा पेला १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केला. जेथें अंग सोसूं शकतें तेथें भार द्यावा, जेथें सोसत नाहीं तेथें मोकळीक ठेवावी, हें त्याचें तत्त्व. तें इतकें साधें आहे कीं इतका उशीर कां लागला, असें वाटावें.

आपल्या देशांत हा विषय युद्धांच्याच वाटेनें आला. पहिल्या महायुद्धांतील अपंग हिंदी शिपायांस धंदे शिकविण्यासाठीं १९१७ सालीं मुंबईस एक संस्था निघाली, ती पुढें पुण्यानजीक खडकीस आली, आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पुण्यास लष्कराचें कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. तें आजही चालू आहे. परंतु विलायती नमुन्याचा पाय बुटासाठीं घडविलेला असतो. आपला शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलांत उतरतो. ही अडचण जयपुरास सुटली. रामचंद्र शर्मा हा मूर्तिकार-कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास रबराचें लवचिक पाऊल तयार केलें, आणि सेठी यांस १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जयपूरच्या पावलाची कीर्ति सर्वतोमुखी आहे, व ती रास्त आहे. पण पाऊल कितीही उत्तम असलें तरी त्याच्या वर पेला आहेच, आणि पेल्याचा प्रश्न जयपुरासही तोच आहे.

येथवर ज्या साक्षीची गोष्ट आम्हीं सांगितली, ती देणारास निदान वेदना तरी होत होती. ज्यास वेदनाच होत नाहीं, त्याचें काय? या प्रश्नास ज्यानें आयुष्य वाहिलें, त्या डॉक्टर पॉल ब्रँड याचा जन्म १९१४ सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील कोल्ली डोंगरांत झाला. १९४६ पासून वेल्लोर येथें कुष्ठरोग्यांवर उपचार करतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, यांचीं बोटें व पाय रोगानें झडत नाहींत. रोगानें मज्जातंतु मरतात, वेदना जाते, आणि मग मनुष्य निखाऱ्यास हात लावतो, खिळ्यावर पाय देतो, फोडावर दिवसभर चालतो. त्यानें अवयव जातो. वेदना ही शत्रु नसून पहारेकरी आहे, हें त्याचें सांगणें होतें. त्याच्या वेल्लोरच्या काळांतच अशा पायांसाठीं मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या वहाणा तयार झाल्या. पुढें तो अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांतील कार्व्हिलच्या रुग्णालयांत गेला, आणि तेथें रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या भरलेले मोजे त्यानें वापरून पाहिले. चालतांना जेथें दाब फार, तेथील कुप्या फुटत व मोज्यावर डाग उमटे. कातडी बोलेना, तर मोज्यानें बोलावें!

याच्याही पुढें जाऊन त्यानें कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला. हातमोज्यांत व जोड्यांत दाब ओळखणारे संवेदक बसविले. मर्यादेबाहेर दाब होतांच कानाच्या यंत्रांत सूचक आवाज होई. रोगी आवाज ऐकत, पण हातांतील काम सोडीत नसत. मग आवाजाऐवजीं काखेंत, जेथें संवेदना शाबूत होती तेथें, विजेचा झटका देण्याची योजना केली. झटका बसे तेव्हां रोगी खरोखरच कळवळत. परंतु एखादा स्क्रू घट्ट पिळावयाचा असला कीं ते यंत्र बंद करीत, काम उरकीत, आणि पुन्हा चालू करीत. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर ब्रँडनें हा नाद सोडला. खऱ्या वेदनेचा अधिकार असा कीं ती बंद करतां येत नाहीं. जी बंद करतां येते ती वेदना नव्हे, निव्वळ सूचना होय, आणि सूचना न मानण्याची मनुष्यास फार जुनी संवय आहे. संवेदकांच्या आजच्या सर्व उद्योगाकडे पाहतांना आमच्या मनांत हा अयशस्वी प्रयोग पुनःपुन्हा येतो. आमच्या मतें या शास्त्राच्या इतिहासांत यशस्वी ठरलेल्या पुष्कळ प्रयोगांहून त्याची योग्यता मोठी आहे.

संवेदक कृत्रिम पायांत आले, ते प्रथम कातडीसाठीं आलेच नाहींत. पडण्याचा धोका टळावा म्हणून आले. जर्मनींतील ओटो बॉक या कारखान्यानें १९९७ सालीं पुढें आणलेल्या गुडघ्यांत सांध्याचा कोन व नळीवरील ताण सेकंदास ५० वेळां मोजला जाई, आणि ठेंच लागण्याचें लक्षण दिसतांच गुडघा आंतील द्रवाच्या रोधानें घट्ट होई. उतारावर किंवा जिन्यावर एकेक पाऊल मोजून टाकणाऱ्या माणसास त्यामुळें खालीं न पाहतां चालतां येऊं लागलें. ही सुरक्षितता थोर आहे. परंतु पेल्याच्या आंत काय चाललें आहे, तें त्या गुडघ्यास ठाऊक नसे.

पेल्याच्या आंत मापन करणें फार अवघड. पूर्वीं पेल्याच्या भिंतीस भोकें पाडून त्यांतून मापकें बसवीत. त्यामुळें पेलाच बदले. पातळ पट्टी घातली तर ती वळणावर दुमडे, घामानें बिघडे, तासाभरानें चुकीचे आंकडे दाखवूं लागे. आणि ती जरा जाड झाली कीं तीच टोंचूं लागे. शिवाय नुसता दाब मोजून भागत नाहीं, घसटही मोजली पाहिजे. इंग्लंडांतील साउथॅम्पटन विद्यापीठांत लिउडी जिआंग यांच्या मार्गदर्शनाखालीं गेल्या दशकांत दोन्ही एकदम मोजणारे लवचिक संवेदक तयार झाले. अमेरिकेंत सिॲटल येथें जोन सँडर्स यांनीं खुंटांतून अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह सोडून त्याच्या रोधावरून आंतील द्रव किती घटला तें ताडण्याची पद्धति बसविली. म्हणजे तिसरा मोजा केव्हां चढवावा, हें जें ज्याचें त्यास कळत असे, तें आतां आंकड्यांत मांडतां येतें. झुरिक येथील संशोधकांनीं २०१९ सालीं याहून धाडसाचा मार्ग दाखविला. पायतळीं व गुडघ्यांत बसविलेल्या संवेदकांचें वृत्त त्यांनीं मांडींतील मज्जातंतूस थेट पोंचविलें. दोन माणसांवर केलेल्या त्या प्रयोगांत चाल सुधारली, श्रम कमी झाले, आणि मिचेलनें नांव दिलेली ती भुताटकीची वेदनाही उतरली. तेथें सूचना राहिली नाहीं, पुन्हा संवेदनाच झाली. ब्रँड १९९०च्या नंतरही बरींच वर्षें हयात होता. पण २००३ सालीं तो वारला, आणि हें पाहावयास राहिला नाहीं.

आतां हे आंकडे वाचावयाचे कोणीं? वापरणाऱ्याच्या खिशांतील दूरध्वनीवर ते उमटावेत व धोक्याची घंटा वाजावी, अशी कित्येकांची कल्पना आहे. ही ब्रँडच्या कानांतल्या आवाजाचीच नवी आवृत्ति होय. बस गांठावयाची घाई आहे, ऊन वर आलें आहे, आणि घंटा वाजली, म्हणून कोणी रस्त्याच्या कडेस बसून पाय सोडील, हें संभवत नाहीं. तो घंटाच बंद करील. यापेक्षां, मापन होतांच आपोआप सैल अथवा घट्ट होणारा पेला अधिक उपयोगी, असें आम्हांस वाटतें. तसे प्रयत्नही चालले आहेत. दुसरें भय निराळ्या प्रकारचें आहे. अमेरिकेंत कोणास कोणत्या प्रतीचा पाय सरकारी विम्यांतून मिळावा, हें त्याच्या चालण्याच्या शक्तीच्या पांच पायऱ्या कल्पून ठरवितात. उद्यां पायांतील यंत्रच पावलें मोजूं लागलें, तर साक्ष कोणाची धरली जाईल? 'मला दुखतें म्हणून मी कमी चालतों' असें सांगणाऱ्यास 'तुम्ही कमी चालतां, म्हणून तुम्हांस चांगल्या पायाची गरज नाहीं' असें उत्तर मिळूं शकेल. दाब मर्यादेंत असतांही दुखत असेल, तर दुखणें खोटें ठरूं नये, आंकडा अपुरा ठरावा. हें केवळ वैद्यांचें काम नव्हे.

आणि ज्यास दुखतच नाहीं, तो मनुष्य आज आपल्याकडे वाढत्या संख्येनें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर गेली आहे. मधुमेहानें जुना झाल्यावर पायांतील संवेदना जाते, व्रण होतात, आणि पाय कापावा लागतो. त्याच्या खुंटासही तीच बधिरता असते. ब्रँडच्या रोग्याची आणि याची स्थिति एकच. जयपुरास दूरदूरच्या गांवांहून माणसें येतात, फार थोड्या दिवसांत पाय बसवून घेतात व घरीं जातात. मोफत व लवकर मिळणारा हा पाय नसता तर यांतील बहुतेक लोक कुबडीवर किंवा जमिनीवर सरपटत राहिले असते. तेव्हां या कामास नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु पेला बेतला जातो तो त्या दिवशींच्या खुंटावर. पुढील महिन्यांत खुंट आटतो. गांवीं मातीची गोळी ठेवून पाहणारा कारागीर नसतो, लाली तपासणारा कोणी नसतो, परत यावयाचें तर दोन दिवसांची मजुरी व गाडीभाडें. ढिल्या पेल्यांत चिंध्या कोंबून माणूस चालत राहतो. महिनाभर एकदां पेल्यांत ठेवून कोठें किती घसट झाली एवढेंच डागानें दाखविणारा, ब्रँडच्या मोज्यासारखा कांहीं शेंकडा रुपयांचा साधा मोजा जरी जिल्ह्याच्या रुग्णालयांतून मिळाला, तरी परत जयपुरास केव्हां जावयाचें हें त्या बधिर खुंटाच्या धन्यास कळेल. सिॲटल व साउथॅम्पटन येथील पट्ट्या अद्याप प्रयोगशाळेच्या मोलाच्या आहेत.